नथीएवढं ऊन

पिंपरी,
पौष महिना, संक्रांत तोंडावर

ज्योतीराम,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, उरला तर. आधी मला सांग, थेरगावात यशवंतरावांच्या ओसरीवर बसून तू काय बरळलास?

मी आत बायकांत होते. यशवंतरावांच्या दुर्गाबाईंचे पोहे वाखाणत होते, खरं तर मीठ कमी होतं. मला वाटलं, बाहेर तुझं नीट चाललं असेल. मुलगी दाखवायला बोलावलंय, चार शब्द गोड बोलायचे, उठायचं. आणि आज सकाळी भिमाजी मध्यस्थ दारात. पायताण काढायच्या आधीच म्हणतो, "गोजाबाई, तुमचा भाचा डोक्यानं बरा हाय ना?"

मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा बरा आहे. का?"

तर म्हणे यशवंतरावांनी विचारलं, मुलगा कॉलेजात काय करतो? आणि तू म्हणालास, उजेडाचा धक्का मोजतो.

मोठा उजेड पाडलास! अरे, म्हणायचं पोरं शिकवतो. म्हणायचं पगार चांगला आहे. उजेडाचा धक्का? यशवंतराव तेव्हा गप्प बसले, पाहुण्याचा मान ठेवला. तू उठून गेल्यावर म्हणाले, "उजेडाला धक्का असता तर माझा कडबा कवाच उडाला असता. रोज सक्काळी दार उघडलं की मी उताणा पडलो असतो." आता सगळं थेरगाव हसतंय. पोरं एकमेकांच्या तोंडावर कंदील धरतात आणि धाडकन पडून दाखवतात.

पौष आहे म्हणून त्यांनी नकार कळवला नाही. या महिन्यात ते लग्नाचं बरंवाईट काहीच बोलत नाहीत. माघात रथसप्तमी झाली की निरोप येईल. निघोज्याचं एक स्थळ टपून बसलंय, वीटभट्टीवाला. त्याच्या विटा निदान दिसतात तरी.

ऐक. तुझे आईबाप गेल्यापासून तुला मी वाढवलंय, तेव्हा तुझी खोड मला माहीत आहे. पण ही पोरगी, शालन, मला हवीच आहे. न राहवून मी मीठ कमी आहे म्हटल्यावर तिनं मान खाली घातली नाही. "मग घ्या की," म्हणाली आणि वाटी पुढे सरकवली. अशी सून पाहिजे. नाहीतर म्हातारपणी मी भांडू कुणाशी, भिंतीशी?

तू तिच्याकडे पाहिलंस तरी का? भिमाजी म्हणतो, तू सारा वेळ कवडशातली धूळ बघत होतास.

यशवंतरावांना लगेच लिही. म्हणावं तोंडून चुकून गेलं, मी साखर मोजतो.

गोजाआत्या

•

पुणे,
१५ जानेवारी १९५७

प्रिय आत्या,

तुला इथूनच वाकून नमस्कार. तुझं पत्र वाचताना मी इतका हसलो की शेजारचे दार वाजवायला आले, आणि संपेपर्यंत इतका घाबरलो की त्यांना चहाही विचारला नाही.

कवडशातली धूळ बघत होतो हे खरं. पण तो कवडसा कुणावर पडला होता, हे भिमाजींनी तुला सांगितलेलं दिसत नाही.

साखर मोजतो असं मी लिहिणार नाही. आत्या, उजेड खरंच ढकलतो. फक्त इतका हळू, की कडबा कशाला, बाभळीचं पानही हलत नाही. किती हळू ते सांगतो. तुझी लग्नातली नथ आठव, दोन मासे वजनाची. एक एकर रान घे, वर भर दुपारचं ऊन. त्या सगळ्या उन्हाचा सगळ्या एकरावर मिळून जो दाब पडतो, तो त्या एका नथीएवढा! यशवंतराव रोज पाच एकरांत पाच नथी झेलतात आणि त्यांना पत्ता नाही.

आभाळात मात्र तो धक्का डोळ्यांनी दिसतो. शेंडेनक्षत्राची शेंडी नेहमी सूर्याच्या उलट्या बाजूला असते. त्याच्या अंगची बारीक धूळ सूर्याचा उजेड मागे लोटत असतो. येत्या चैत्रात एक दिसेल असं मोठ्या दुर्बिणीवाल्यांचं म्हणणं आहे.

आणि मी करतो ते असं. काचेच्या भांड्यातली हवा जेवढी काढता येईल तेवढी काढायची. आत कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागा टांगायचा, धाग्याला आडवी काडी, काडीच्या दोन टोकांना दोन पातळ चकत्या. एका चकतीवर उजेड टाकला की काडी वळते आणि धाग्याला पीळ बसतो. त्या पिळावरून धक्का किती ते काढायचं. परदेशात हे पन्नास वर्षांपूर्वी झालंय, मी काही शोध लावत नाही. पण इथे रस्त्यानं टांगा गेला तरी माझी काडी नाचते, म्हणून सहा महिने झगडतोय.

तुझ्या करमणुकीसाठी आमच्याकडचं एक काचेचं चाक पाठवतोय. काकांच्या कंपनीचा ट्रक पुण्यात येतो, त्यावरच्या सोनबाच्या हाती देतो. उन्हात ठेव आणि गंमत बघ. मात्र हे चाक फिरतं ते वेगळ्याच कारणानं. ते सविस्तर मागाहून लिहितो, आत्ता तासाची घंटा झाली.

तुझा
ज्योतीराम

•

पिंपरी,
पौष संपत आला

ज्योतीराम,

फिरतं! मेल्या, ते फिरतं!

सोनबा ते खोकं मांडीवर घेऊन आला. म्हणाला, "बाई, आत काय अंडी हायत का? मास्तरांनी मला आईची शपथ घातली." भुसा काढला, तर काचेचा भोपळा. आत सुईच्या टोकावर चार पानं, एक बाजू काजळासारखी, एक आरशासारखी. मी सगळीकडून बघितलं, किल्ली कुठे द्यायची? किल्लीच नाही. कोनाड्यात ठेवलं, ढिम्म. म्हटलं पुण्याच्या दुकानदारानं गंडवलं आमच्या पोराला. तुळशीपाशी ठेवून दिलं आणि भाकरी थापायला वळले. मागे बघते तर गरगर गरगर! वारा नाही, हात नाही, किल्ली नाही!

मी अशी ओरडले की तुझे काका रात्रपाळीवरून येऊन झोपले होते ते धोतर सावरत बाहेर आले. "कोण गेलं?" म्हणाले. म्हटलं, कोणी गेलं नाही, हे आलंय.

मग आम्ही दोघं लहान पोरांसारखे त्याच्यापुढे बसलो. हात आडवा धरला की थांबतं, काढला की पळतं. धर, काढ, धर, काढ. भाकरीचा कोळसा झाला. शेजारच्या विमलबाई धूर बघून धावत आल्या आणि त्याही बसल्या. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी कुंकू आणलं लावायला. मी हात झटकला. म्हटलं, काच रंगवलीस तर उजेड आत शिरेल कुठून?

तुझी चारही पानं वाचली. म्हणजे दोन वाचली. पुढचं अक्षर फार बारीक होतं.

आता माझा डाव ऐक. रथसप्तमीला यशवंतरावांकडे हळदीकुंकू आहे, मला बोलावणं आलंय. सूर्याचा सण आणि सूर्याचं चाक! भर अंगणात ठेवते आणि विचारते, बोला, ढकलतो की नाही उजेड? निघोज्याच्या विटा घाला म्हणावं चुलीत.

गोजाआत्या

•

पुणे,
४ फेब्रुवारी १९५७

आत्या, थांब!

चाक घेऊन थेरगावला जाऊ नकोस. चूक माझी आहे, मी तेव्हाच पुरतं लिहायला हवं होतं.

त्या भोपळ्यात थोडी हवा उरलेली आहे. उन्हानं पानाची काळी बाजू जास्त तापते, तिथली हवा जोर धरते आणि काळ्या बाजूला मागे रेटते. म्हणून ते गरगरतं. तो जोर तापलेल्या हवेचा, उजेडाचा नाही. उजेडाचा स्वतःचा धक्का त्यापुढे चिमणीएवढा, आणि गंमत म्हणजे तो उलट दिशेनं! काळी बाजू उजेड गिळते. चकचकीत बाजू तो परत फेकते, म्हणून तिला दुप्पट धक्का बसतो. नुसत्या उजेडाच्या जोरावर फिरलं असतं, तर चकचकीत बाजू मागे सरली असती आणि चाक आत्ता फिरतंय त्याच्या बरोबर उलटं फिरलं असतं.

तेव्हा ते दाखवून "बघा उजेडाचा धक्का" म्हणणं म्हणजे शुद्ध फसवणूक. यशवंतराव मला वेडा म्हणाले तर चालेल, लबाड म्हणालेले चालणार नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखव. त्यांची मुलगी मला खोट्या चाकावर बसवून आणायची नाही.

ज्योतीराम

•

पिंपरी,
रथसप्तमीची दुसरी सकाळ

ज्योतीराम,

तुझं पत्र आदल्या दिवशी आलं. "थांब" एवढा शब्द वाचला आणि उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात टाकून दिलं. मी काय थांबायला जन्मले का?

पाटीत भुसा, भुशात भोपळा, पाटी डोक्यावर, आणि पवना नदी ओलांडून मी थेरगावात. पुढे भिमाजी, "गोजाबाई, दगड हाय, गोजाबाई, शेवाळ हाय," करत. त्याचाच पाय घसरला आणि तोच भिजला.

अंगणात सूर्याच्या रथाची रांगोळी, गोवऱ्यांच्या आरावर बोळक्यात दूध, भोवती बायकाच बायका. मी मधोमध भोपळा ठेवला. ऊन कडक होतं. पानं आधी थरथरली आणि मग जी सुटली म्हणतोस! बायकांनी तोंडाला पदर लावले. पोरं किंचाळली. कालपर्यंत कंदिलानं पडून दाखवणारं एक कार्टं खरंच मागे पडलं. दूध उतू गेलं ते कुणी पाहिलं नाही, कुठल्या दिशेला गेलं तेही नाही. दुर्गाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बया, वरीस कसं जाणार ते कळायचं र्‍हायलं की!"

यशवंतराव उकिडवे बसले. किती तरी वेळ बघत राहिले. मी मनात लाडू वळायला घेतले होते. मग त्यांनी बोट हवेत गोल फिरवलं, एकदा, दोनदा.

"गोजाबाई, हे कुनीकडं फिरतंय?"

"गोल फिरतंय."

"गोल समदंच फिरतंय. हे उलटं फिरतंय. आपण देवाला उजव्या हाताला घेऊन फिरतो. हे डावं फिरतंय. मानूस असं कवा फिरतंय, ठावं हाय ना?"

सगळ्यांना ठाऊक होतं. खांद्यावर मडकं घेऊन, मढ्याभोवती. अंगण गार पडलं. दुर्गाबाईंनी झटकन भोपळ्यावर पदर टाकला, सावली झाली, चाक थांबलं, आणि ते थांबलेलं बघून त्या आणखीनच घाबरल्या.

"सूर्यनारायण असं उलटं फिरवायचा न्हाई," यशवंतराव म्हणाले. "ह्या यंत्रात खोट हाय. आन् ज्येच्या यंत्रात खोट त्येच्या घरात मी पोरगी देत न्हाई. शिवरातीला निघोज्याचे येतील सुपारी फोडाया."

संपलं. मी भोपळा भुशात कोंबला. त्यांच्याशी भांडलेसुद्धा नाही, यावरून काय ते समज.

दारात शालन वाण द्यायला आली. माझ्या कपाळाला कुंकू लावता लावता हळूच म्हणते, "आत्याबाई, एक इचारू? मी गोवऱ्या थापते तवा शेणाचा गोळा भिंतीवर बसतो, भिंतीला फार काही लागत न्हाई. पर पोरं चेंडू मारत्यात तवा भिंत दणकते, चेंडू परत जातो म्हनून. काळी बाजू उजेड खाती, आरशाची बाजू परत धाडती. मग दणका आरशाला जास्त बसाया पायजे. आरसा मागं जायाचा सोडून काळी बाजू कशी काय पळती?"

मी काय सांगणार, कप्पाळ? म्हटलं, ते शहाण्याला विचार, पुण्यात बसलाय. तर म्हणते कशी, "तुमीच इचारा की. मी कशी इचारू?"

विचारलं. आता त्याचा काय उपयोग?

आत्या

•

पुणे,
११ फेब्रुवारी १९५७

आत्या! आत्या! आत्या!

मडक्यातलं पत्र काढ! आत्ताच्या आत्ता काढ!

शालननं विचारलं तेच मी त्यात लिहिलंय! तेच, अगदी तेच, फक्त मला शेणाचा गोळा सुचला नाही. मी आज वर्गात पुस्तक बाजूला ठेवलं आणि गोवऱ्या थापून दाखवल्या. पोरं बाकांवर उभी राहून टाळ्या पिटत होती. प्राध्यापक दारात येऊन विचारू लागले, हे काय चाललंय? मी म्हटलं, थेरगावचा सिद्धांत. त्यांनी वहीत उतरवून घेतला.

आणि यशवंतराव! ते चाक परदेशात निघालं तेव्हा भल्याभल्यांनी उजेडाचा धक्का म्हणून त्यापुढे माना डोलावल्या. यशवंतराव दोन घटका उकिडवे बसले आणि म्हणाले, उलटं फिरतंय, यात खोट आहे. खोट आहेच! ती हवेची आहे. उजेडानं ते सुलटंच फिरवलं असतं! त्यांनी मला नाकारलं ते माझ्याच मुद्द्यावर नाकारलंय, कळतंय का तुला?

त्यांना सांग, एका रविवारी कॉलेजात या. हवा काढलेल्या भांड्यात खरा धक्का दाखवतो. तू ये, त्यांना आण. आणि शालनला. तिच्याशिवाय येऊच नका.

आता आठवडाभर मला झोप येणार नाही आणि मला ती नकोही आहे.

ज्योतीराम

•

पिंपरी,
शिवरात्रीच्या आदल्या दिवशी

ज्योतीराम,

तुला फक्त "रविवारी येतो" एवढं कार्ड टाकलं होतं. बाकीचं आता ऐक. रविवारी तू काळ्या पडद्यामागे दिव्यापाशी होतास, तुला अलीकडचं काय दिसणार?

आधी पत्राचं. उतरंड उतरवली. तुझ्या पत्राला शेंगांचा वास लागला होता. तसंच घेऊन थेरगाव गाठलं आणि शालनच्या हातात दिलं, म्हटलं वाच आबांना, माझा चष्मा नाही. चष्मा मला कधीच नव्हता. पोरीनं घडाघडा वाचलं, कुठे अडली नाही. "दुप्पट धक्का" आलं तसं पत्र खाली करून बापाकडे बघते, "आबा, मी म्हनलं नव्हतं?" यशवंतराव म्हणाले, "पुढं वाच." पुढे "बरोबर उलटं फिरलं असतं" आलं आणि तो माणूस बसल्या जागी हातभर उंच झाला.

"म्हंजी मी म्हनलो त्येच कालेजवाले म्हनत्यात?"

"तेच," मी म्हटलं. "त्यांना ते कळायला काचेची भांडी लागली."

पुढे माझ्या काही बोलण्याची गरजच राहिली नाही. रविवारी पहाटेच फेटा बांधून चिंचवड स्टेशनावर उभे. शालनला म्हणाले, तुझ्या मावशीकडं जायचंय पुण्याला, वाटेत जरा कालेज बघू.

तुझ्या त्या खोलीत तू म्हणालास, कुणी हलू नका, काडी नाचते. यशवंतरावांनी श्वास धरला तो असा, की मला वाटलं उजेडाच्या आधी हेच उलथतात. भिंतीवर तो उजेडाचा ठिपका. काडीच्या आरशावरून पडलेला, असं तू म्हणालास ना? आम्ही चौघं, भिमाजीही होताच, बघतोय. काही नाही. काही नाही. मग तू पलीकडून दिवा उघडलास आणि ठिपका निघाला! मुंगीसारखा, एक बोटभर. ज्योतीराम, मी आयुष्यात आगगाडी बघितली, विमान बघितलं, पण त्या बोटभर ठिपक्यानं माझ्या पायाखालची जमीन सरकवली. कोणी हात लावला नाही, फुंकर घातली नाही, आत हवासुद्धा नाही!

यशवंतरावांनी श्वास सोडला. "हाय," म्हणाले. "धक्का हाय. आता सांग, हे कुनीकडं वळलं? सुलटं का उलटं?"

मी देवाला हात जोडले, हो म्हण रे बाबा, नुसतं सुलटं म्हण. आणि पडद्यामागून तुझा आवाज येतो, "ते उजेड कुठल्या चकतीवर टाकतो त्यावर आहे. या टोकाला टाकला की एकीकडे वळतं, त्या टोकाला टाकला की दुसरीकडे."

अरे, कर्मा! हरिश्चंद्राचा तू कोण लागतोस? पडद्याखालून तुझा पाय तुडवावा म्हणून मी अंधारात पाय आपटला तो भिमाजीच्या अंगठ्यावर. तो बोंबलला, ठिपका भिंतभर नाचला, तू ओरडलास "हलू नका." यशवंतरावांचं तोंड दिसत नव्हतं. मला निघोज्याच्या विटा दिसायला लागल्या.

तेवढ्यात शालन बोलली. मोठ्यानं, पडद्यापलीकडे ऐकू जाईल असं. तू ऐकलंसच, पण मला पुन्हा लिहू दे.

"मग आबा, सुलट्या टोकाला टाकाया सांगा की. दिवा त्यांच्याच हातात हाय न्हवं?"

यशवंतराव पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "टाक रे त्या अंगाला." तू टाकलास. ठिपका परत फिरला, आपल्या जागी आला आणि दुसऱ्या बाजूला बोटभर गेला. "हां! आता कसं!" म्हणाले आणि जे हसत सुटले ते ठिपका पुढे बराच वेळ थाऱ्यावर येईना. तुला वाटलं यंत्र बिघडलं. ते यंत्र नव्हतं, तुझे सासरे होते.

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत होते. खडकी गेली, दापोडी गेली. मला दम निघेना. म्हटलं, "काय ते एकदा बोला, हो नाहीतर नाही."

"पोरगा येडा हाय," म्हणाले.

भिमाजीनं अंगठा चोळायचं थांबवलं.

"पर त्येचं येड सुलटं हाय. आन् आमची बी त्याच गावची दिसती. निघोज्याला भिमाजी जाऊन सांगंल, येऊ नका."

भिमाजी म्हणाला, "मी लंगडतोय." मी म्हटलं, "बैलगाडीनं जा."

वैशाखात लग्न. शालन शेजारी बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं, आणि ती गाडीच्या फळीवर पडलेल्या कवडशातली धूळ बघत होती. आता म्हण काय म्हणायचं ते.

गोजाआत्या

•

पुणे,
२६ एप्रिल १९५७

आत्या,

घाईत कार्ड लिहितोय. मी जानेवारीत म्हणालो होतो ते शेंडेनक्षत्र आलंय, संध्याकाळी मावळतीला लख्ख दिसतं. मी दोन दिवस गच्चीवरच जेवतोय. पण आमच्या वाड्यात सगळे म्हणतात, राजे मरतात, लग्नं मोडतात. लग्न तोंडावर आलंय. थेरगावात काय म्हणतात? यशवंतरावांना उलट्या चाकानं एवढा धसका बसला होता, हे तर अख्खं आभाळभर आहे. लगेच कळव.

ज्योतीराम

•

पिंपरी,
चैत्राची अखेर

ज्योतीराम,

तुझं कार्ड पोचलं. आता ऐक आणि एकदा नीट जेव.

परवा मी थेरगावातच होते, रुखवताचं बघायला. दिवेलागणीला ते शेंडेनक्षत्र दिसलं आणि सगळं गाव पारापाशी जमलं. म्हातारे लक्ष्मणराव काठी टेकत पुढे आले, "यशवंता, लगीन पुढं ढकल. शेंडी दिसली की इपरीत व्हतंय." बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडणार होते, म्हणजे मी काय बोलले असते ते लिहिण्यासारखं नाही. पण तेवढ्यात यशवंतराव पारावर चढले.

"अरं येड्यांनो, ती शेंडी न्हाई, धुरळा हाय! सूर्य त्येला उजेडानं ढकलतोय, म्हनून मागं उडतोय. उजेडाला धक्का असतोय. माझ्या जावयानं मोजलाय. एकराला एक नथ!"

"कसली नथ?" लक्ष्मणराव म्हणाले.

"नाकातली! तुमच्या रानात बी पडती, तुमाला कळत न्हाई त्येला आमी काय करनार?"

ज्योतीराम, तू तिथे असायला हवा होतास. जो माणूस कडबा उडत नाही म्हणून हसत होता, तो पारावर उभा राहून कंदील हलवत गावाला उजेडाचा धक्का शिकवत होता! लग्न पुढे ढकलायचं नाव कुणी काढलं नाही. उद्या कंदिलानं कुणी खरंच पडलं तर मला नवल वाटायचं नाही.

पण एक भानगड झाली. गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "ती मोठी शेंडी मागं हाय, कबूल. पर एक बारीक काटा सूर्याकडंच निघालाय की! त्यो कुनी ढकलला?"

सगळ्यांनी बघितलं. आहे खरा! सुईसारखा, मावळतीकडेच तोंड करून. यशवंतरावांचा कंदील हवेत तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी शालनकडे. ती किती तरी वेळ मान वर करून उभी होती. मग म्हणाली, "मला वाटतंय ते मला कळलंय. गाडी निघून गेली की रस्त्यावर धुरळा र्‍हातो, त्यातलंच काही तरी हाय. पर ते मी इथं सांगनार न्हाई. त्यांनाच सांगनार."

"कुनाला?" लक्ष्मणरावांनी विचारलं. पोरगी लाजली नाही. "त्यांना," म्हणाली आणि घराकडे निघून गेली.

मी माझी नथ काढून दुर्गाबाईंकडे दिलीय, लग्नात तिच्या नाकात घालायला. सोनाराकडे तोलून आणली. दोन माशांना रतीभर कमी भरली, माझ्या नाकावर इतकी वर्षं झिजली असणार. तेवढं ऊन तुम्ही दोघं भरून काढा.

आणि त्या काट्याचं उत्तर तुला माहीत असलं, असणारच म्हणा, तर तोंड मिटून बस. सात पावलं चालून झाली की आधी तिचं सगळं ऐक. मग हवी तर चार पानं बोल.

पहिल्या पत्रातला आशीर्वाद माझ्याकडे तसाच शिल्लक होता. तो आता घे. दोघांना पुरेल एवढा आहे.

गोजाआत्या